दोन ठोके, मग गप

भूत, करणी, भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. आमचं घराणं मेंढरामागचं. लहानपणी बापाबरोबर मी कुठं कुठं हिंडलो आहे. मसणवट्याच्या कडेला मेंढरं बसवून तिथंच घोंगडी टाकून झोपलो आहे. मला कधी कुणी दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही. तेव्हा हे वाचून ‘म्हातारा भित्रा असेल’ असं कुणाला वाटत असेल तर त्यानं इथंच थांबावं.

शाळा माझी चौथी. पण हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. शुद्धलेखन संपादकांनी नीट करावं, शब्द मात्र बदलू नयेत.

ही गोष्ट रांजणगावला कारखान्यांसाठी जमिनी मोजायला लागले होते त्या सुमाराची. आमची वस्ती शिरूरहून न्हावऱ्याकडं जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला. मेंढरं बापाच्या माघारी विकली, विहीर पाडली, कांदा आणि बाजरी करतो. माझी मुलगी चंदा दौंडला दिली. तिचे सासरे किसनराव, म्हणजे आमचे व्याही, आमच्याच समाजाचे, पण त्यांच्या बापानं लवकर मेंढरं सोडली आणि हे रेल्वेत चिकटले. दौंडच्या यार्डात हातोडा घेऊन डब्यांची चाकं तपासायचं त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली होती. वापर होईना, म्हणून ती मी घेतली. व्यवहार काय झाला तो आमच्या दोघांतला, त्यात कुणाची तक्रार नव्हती. माझा मुलगा संपत जीप चालवायचा, मी शेजारी बसायचो. शिरूरच्या बाजाराला माल न्यायचा, येताना चार शिटा भरायच्या. बरं चाललं होतं.

आवाज मला पहिल्यांदा आला तो पारगावच्या पुलाच्या अलीकडं. दौंडहून चंदाला भेटून येत होतो, दिवसाउजेडी. इंजिनाच्या घरघरीच्या आत काहीतरी वाजलं. ठण्ण... टिण. एक जड, एक हलका. मग गप. जरा वेळानं परत ठण्ण... टिण. मग गप. असं तीनदा खणखणीत झालं आणि चौथ्यांदा बसकं वाजलं, मडकं तडकल्यावर वाजतं तसं. थड... थड. मग परत पहिल्यापासून.

संपतला म्हटलं, गाडी बाजूला घे. त्यानं घेतली. मी बॉनेटला कान लावला. संपतनंही लावला.

“आबा, काय न्हाई. डिझेलचं इंजिन हाय, वाजणारच.”

“वाजणं येगळं आन् ह्ये येगळं.”

“तुमच्या कानात मळ साचलाय.”

आता इथं एक सांगतो. मेंढरामागं वाढलेल्या माणसाचा कान वेगळा असतो. कळपात शेकड्यानं मेंढरं असोत, एक खोकलं की माझा बाप झोपेतून उठायचा आणि अंधारात हात घालून नेमकं तेच मेंढरू ओढून काढायचा. तो कान मला आला आहे. डोळे अधू झाले, दात गेले, कान जागेवर आहे. त्यामुळं मला ऐकू आलं म्हणजे आलं.

शिरूरला नगर रस्त्यावर एक मोठा गॅरेजवाला होता, तिथं पहिल्यांदा गेलो. नाव लिहीत नाही. त्यानं इंजिन चालू करून ऐकलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, टॅपेट लूज झालेत, आवळून देतो. मी म्हटलं, न ऐकताच कसं कळलं? तर तो त्याच्या माणसांकडं बघून हसला.

“आबा, बैल हाय का ती गप उभं राहायला?”

“बैलबी गप ऱ्हात न्हाई. पर दुखतंय तवाचं हंबरणं येगळं असतं,” मी म्हटलं.

टॅपेट आवळून घेतले. घोडनदीचा पूल ओलांडून आलो नाही तोवर परत ठण्ण... टिण.

दुसऱ्यानं जरा ऐकलं. मग तोंड पाडून सांगितलं की सगळं इंजिन खोलावं लागेल, जीप ठेवून जा, आठवड्यानं या. मी म्हटलं, खोलताना मी इथं उभा राहणार. तर म्हणाला, गिऱ्हाईक उभं राहिलं की आमच्या माणसांचा हात चालत नाही. मी तिथनं जीप काढली. मंडळी, हे माझ्याकडनं फुकट शिकून घ्या. ज्या मिस्त्रीला तुम्ही शेजारी उभं राहिलेलं चालत नाही, त्याच्याकडं गाडी सोडू नये. आणि बदललेला जुना पार्ट जो मागितल्याशिवाय तुमच्या हातात देतो, त्याचं गॅरेज चिखलात असलं तरी तिथंच जावं.

दरम्यान दौंडला जाणं झालं. चंदाला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिला कधी न्यायची ते ठरवायला गेलो होतो. किसनराव ओट्यावर चहा पीत बसले होते. मला सरळ बोलायची सवय. मी म्हटलं, “पाव्हणं, जीपच्या इंजिनात कायतरी दोष हाय. दोन ठोकं पडत्यात. एक जड, एक हलका. मग गप. तीन खेपा खणखणीत, आन् चौथ्याला बसका.”

त्यांचा कप तोंडापाशी तसाच थांबला. मला वाटलं चहा पोळला. मग कप खाली ठेवला आणि जे भडकले ते भडकले.

“मारुतराव, माझा जलम लोखंड ऐकण्यात गेला. तुमचा मेंढरं ऐकण्यात. मी दिल्याली गाडी खोटी म्हणता?”

मी म्हटलं, गाडी खोटी म्हणत नाही, आवाज आहे म्हणतो. ते म्हणाले, एकच झालं ते. मग माझंही डोकं फिरलं. मीही म्हणालो, रेल्वेत गेला म्हणून काय देवाचा कान मिळाला का. शब्दानं शब्द वाढला. शेजारची माणसं दारात आली. शेवटी किसनराव उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले.

“सुनेला न्यायची तर त्याच जीपमधनं न्यायची. दुसरी गाडी आणली तर ती माझ्या दारात थांबायची न्हाई. नसंल तर चार माणसांत शब्द मागं घ्या.”

शब्द मी मागं घेणार नव्हतो, कारण आवाज होता. आणि ज्या गाडीत तसा आवाज आहे त्यात पोटुशी लेक घालणार नव्हतो. म्हणजे गाडं अडलं. चंदा चौकटीला धरून उभी होती. पोरगी लहानपणापासून तिखट.

“तुम्ही दोघं बसा इंजिन ऐकत,” ती म्हणाली. “मी हितंच बाळंत व्हते. पोराला सांगते, आज्जं दोन व्हतं, दोघंबी कानानं मोठ्ठं.”

कुणी हसलं नाही. मी घरी आलो. घरात कारभारणीनं माझ्याशी बोलणं सोडलं. तिनं बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता. रोज संध्याकाळी ती त्या खोलीत दिवा लावायची आणि माझ्याकडं न बघता निघून जायची. दिवस जवळ येत चालले. आठवा लागला. पुढं जीपच काय, कुठल्याच गाडीतून न्यायची सोय राहिली नसती.

मग मी शिरूरच्या बाजाराच्या बाजूला एक छोटं गॅरेज आहे तिथं गेलो. त्या मिस्त्रीनं लोखंडी सळई घेतली, एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. इंजिनाच्या सगळ्या अंगाला सळई फिरवली. मी त्याला सांगत होतो, आता वाजलं बघ, आता गप, आता परत. त्यानं शेवटी सळई खाली ठेवली.

“आबा, मला काय ऐकू येत न्हाई. उगं खोलून दिऊ का? तुमाला वाटतंय तर दौंडला सलीम मिस्त्रीकडं जावा. बोलतो लई, पर हात खरा हाय. त्येला न्हाई सापडलं तर मग न्हाईच.”

ऐकू येत नाही असं तोंडावर सांगणारा तो पहिला माणूस. मी त्याचं ऐकलं.

दौंडला गेलो, एसटीडी बूथवरनं नाही, समोर बसूनच किसनरावांशी बोललो. म्हटलं, पाव्हणं, असं भांडून पोरीचं नुकसान व्हतंय. सलीम मिस्त्रीकडं इंजिन उतरवू. तुम्ही समोर, मी समोर. दोष निघाला तर तुम्ही कबूल करायचं. नाही निघाला तर मी चार माणसांत शब्द मागं घेतो आणि चंदाला त्याच जीपमधनं नेतो. किसनरावांनी ऐकून घेतलं. मग टोपी घातली आणि म्हणाले, चला.

सलीम मिस्त्रीचं गॅरेज पाटस रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. माणूस जाडजूड, दाढी मेंदीनं लाल, आणि तोंड एक क्षण बंद नाही. जीप आत घेता घेताच त्यानं मला सांगितलं की दौंडात त्याच्या हाताखालून न गेलेलं इंजिन फक्त रेल्वेचं, आणि तेही बोलावलं तर जाऊ. किसनरावांना म्हणाला, “मामा, तुमच्या चाकांना फक्त गोल फिरायचं असतं. इंजिनाला अक्कल लागते.” किसनराव एरवी त्याला सोडते ना. त्या दिवशी मात्र एका रिकाम्या टायरवर बसून राहिले.

संपत, मी, किसनराव आणि मिस्त्री. एवढी माणसं शेडमध्ये. वेल्डिंगवाला बाहेर. चैत्राचं ऊन, पत्रा तापलेला. मिस्त्रीनं पाईप सोडले, बोल्ट काढले, इंजिनाला साखळी घातली आणि वरच्या चेनपुलीनं ते हळूहळू उचललं. जीपच्या तोंडात भला मोठा खड्डा पडला. आतून जमीन दिसायला लागली. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं आणि खोलायला घेतलं. एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन मिस्त्री माझ्या हातात देत होता. मी न मागता. बेअरिंग, पिस्टन, सगळं. किसनरावांच्या हातातही देत होता. ते नखानं लोखंड वाजवून बघत, खाली ठेवत.

दुपार सरायच्या आत निकाल लागला.

“आबा, कुराण की कसम, ह्यात खोट न्हाई,” मिस्त्री म्हणाला. “ह्ये इंजिन अजून तुमच्या नातवाला वढंल.”

मी हरलो होतो. खोटं कशाला लिहू. हात अजून रॉकेलनं ओले होते. किसनरावांकडं बघवेना. संपत खाली बघून पायानं माती उकरत होता. मी मनात शब्द जुळवत होतो, की बाहेर जायचं, वेल्डिंगवाल्याला आणि पंक्चरवाल्याला बोलवायचं, आणि चौघांच्या समोर म्हणायचं की माझा कान गेला, जीप खरी आहे.

तेवढ्यात लाईट गेली. दौंडात तेव्हा रोजच जायची. शेजारचं वेल्डिंग थांबलं, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थांबला, मिस्त्रीचा पंखा फिरत फिरत गप झाला. एकदम शांत झालं. स्टेशनाकडून कुठली शिट्टीही नाही.

आणि जीप वाजली.

ठण्ण... टिण.

मंडळी, इंजिन माझ्या पायाशी होतं. तुकड्या तुकड्यांत. पिस्टन कपड्यावर मांडलेले. बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. जीपच्या तोंडात खड्डा, त्यातून जमीन दिसतेय. आणि त्या रिकाम्या जीपमधून आवाज आला. उजव्या हाताच्या पुढच्या चाकापाशी.

मी संपतकडं बघितलं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याला ऐकू आलं होतं. इतके दिवस माझ्या कानातला मळ काढणारा माझा मुलगा भिंतीला जाऊन टेकला.

मग गप. एखादा माणूस चार पावलं चालायला जेवढा वेळ घेईल तेवढं गप. मग डाव्या पुढच्या चाकापाशी. ठण्ण... टिण. परत गप. आवाज जीपच्या भोवती चालला होता. मला दुसरा शब्द सुचत नाही... चालला होता. आम्ही चौघंही जिथल्या तिथं होतो, मधली जागा मोकळी, उजेड चांगला, जीपच्या पलीकडचं पंक्चरवाल्याचं दुकान सरळ दिसत होतं. जीपपाशी कुणी नव्हतं. डाव्या मागच्या चाकापाशी आला. ठण्ण... टिण. सलीम मिस्त्रीच्या हातात पाना होता तो त्यानं सावकाश खाली ठेवला, आवाज होऊ न देता, जसं काही झोपलेलं मूल जागं होईल.

मग उजवं मागचं चाक. मला ठाऊक होतं काय येणार. आठवडेच्या आठवडे मी ते ऐकत होतो.

थड... थड.

बसकं. तडकलेलं. आणि संपलं. परत पहिल्यापासून सुरू झालं नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही.

पहिल्यांदा हलला तो मिस्त्री. जीपच्या तोंडात वाकून खड्ड्यात बघितलं. खाली झोपून बघितलं. मागं गेला, टपावर हात फिरवला, शिटांखाली बघितलं. उठून उभा राहिला. ज्या माणसाचं तोंड सकाळपासून बंद नव्हतं, तो काढलेली बॅटरी उचलून जीपपासून आणखी लांब ठेवून आला. पत्रा तापून तडतडला असेल, असं मी म्हणालो. माझंच मला पटलं नाही. पत्र्याचा आवाज मी ओळखत नाही का.

किसनराव टायरवर बसलेले होते तसेच होते.  दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून हाताकडं बघत होते.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “हा माझा हात हाय.”

मला वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो. त्यांनी हळूहळू सांगितलं. यार्डात गाडी आली की ती उभी असेल तेवढ्यात प्रत्येक चाकावर हातोडा मारायचा. चाक खणखणलं तर चांगलं. बसकं वाजलं तर कुठंतरी तडा आहे. सगळेजण एक ठोका मारून पुढं जायचे. किसनरावांचं मन एका ठोक्यावर भरायचं नाही. ते दोन मारायचे. एक जड, खात्री करायला, आणि लगेच एक हलका, ती खात्री खरी का ते बघायला. साहेब ओरडायचा, वेळ जातो म्हणून. बरोबरचे चेष्टा करायचे. नोकरी संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. अख्ख्या यार्डात डोळे मिटून ऐकलं तरी कळायचं की किसन आला.

“आन् ह्ये जीपचं चाक न्हाई वाजलं,” ते म्हणाले. “रबराचं चाक असं वाजंल का? ह्ये डब्याचं चाक हाय. लोखंडाचं.”

ते खरं होतं. मी इतके दिवस आवाज ऐकला, पण जीपमध्ये तेवढं मोठं लोखंड नाहीच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्ही याआधी ऐकलं होतं का. त्यांनी मान हलवली. एकदाही नाही. पण मी ओट्यावर पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच त्यांनी तो ठोका ओळखला होता. दोन ठोके, एक जड, एक हलका. “इंजिनात माझा हात कसा असंल, म्हनून तुमच्यावर वरडलो,” म्हणाले.

मग ते उठले. मिस्त्रीकडं खडू मागितला. मिस्त्रीनं वेल्डिंगच्या मापाचा खडू आणून दिला. किसनराव मागच्या उजव्या चाकापाशी गेले आणि चाकाच्या वर पत्र्यावर मोठी फुली मारली.

“बसका वाजला की डबा कापायचा, गाडीपासनं तोडून बाजूला काढायचा. मंग साहेब कायबी का सांगंना. सुनेला ह्यात बसवायची न्हाई.”

मिस्त्रीनं ते चाक काढलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. डिस्क, नट, हब, सगळं सोडलं, धुतलं. तडा नाही, झीज नाही. किसनरावांनी हातोडी घेऊन स्वतः त्याच्यावर मारली. एक जड, एक हलका. चांगलं वाजलं, जसं जीपचं चाक वाजायला पाहिजे तसं. बाकीची तीनही काढून बघितली. कशातच काही नाही. तरी ते फुली पुसायला तयार झाले नाहीत.

मी शब्द मागं घ्यायचा राहिला, आणि त्यांनी कबूल करायचंही राहिलं. कोण जिंकलं ते कुणी काढलं नाही. सलीम मिस्त्री एवढंच म्हणाला की इंजिन जोडून देतो, पण जीप माझ्या दारात मुक्कामाला ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदाला एसटीनं आणायचं ठरलं. ज्या किसनरावांच्या दारात दुसरी गाडी थांबणार नव्हती, ते स्वतः तिची पिशवी उचलून स्टँडवर आले. चंदाला आम्ही काय झालं ते सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “मामंजी, जीपचं काय झालं?” ते म्हणाले, काम निघालंय. मग म्हणाले, मीबी येतो शिरूरपर्यंत. कशाला, ते मी विचारलं नाही.

गाडी लागली. माणसं चढायला लागली. किसनरावांनी पिशवी माझ्याकडं दिली, कोटाच्या खिशातून एक पाना काढला आणि गाडीला वळसा घालायला लागले. प्रत्येक चाकापाशी वाकायचं, नटांवर मारायचं, ऐकायचं. एक जड, एक हलका. लोक हसायला लागले. कंडक्टर दारातून म्हणाला, “आप्पा, गाडी इकत घ्यायचीय का?” ते पुढच्या चाकाकडं गेले. शेवटच्या चाकापाशी ते जरा जास्त वाकले. मी दारात एक पाय ठेवून उभा होतो. मी कुणाला घाबरणारा माणूस नाही, पण त्या वेळी माझे कान त्या चाकापाशी गेले होते. खणखणीत वाजलं. मग ते वर आले.

चंदा खिडकीपाशी, तिच्या शेजारी एक बाई. आम्ही दोघं मागच्या बाकावर. पाटस गेलं, चौफुला गेला. भीमेच्या पुलावर गाडी आली तेव्हा किसनराव पुढं बघतच म्हणाले, “तुमचं खोटं नव्हतं.”

मला हे वाक्य ऐकायचं होतं. त्याच्यासाठी मी गॅरेजं पालथी घातली, घरातलं बोलणं बंद करून घेतलं, पोरीला आठव्या महिन्यापर्यंत अडकवून ठेवलं. आणि ते आलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस म्हणाला असता की मारुतराव, तुमचा कान गेला, तर किती बरं झालं असतं. मी नुसती मान हलवली.

चंदाला मुलगी झाली. सुखरूप. आता ती कॉलेजात जाते. तेव्हा आम्ही कशातून वाचलो, की कशातूनच नाही, हे मला माहीत नाही. ती जीप त्या दिवशी चालली असती तर काय झालं असतं, हे कोण सांगणार. चाकात दोष नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. जीप मी विकली, घेणाऱ्याला सगळं सांगून विकली. तो हसला. त्यानं ती बरीच वर्षं वापरली, त्याला कधी काही ऐकू आलं नाही, त्याचं काही वाईटही झालं नाही.

संपत आता या विषयावर बोलत नाही. सलीम मिस्त्री भेटला की गाड्यांवर बोलतो, त्या दिवसावर नाही. मी पुष्कळांना विचारलं. एकानं सांगितलं, जुन्या लोखंडात आवाज साठतो. एकानं सांगितलं, स्टेशनाचा आवाज वाऱ्यानं आला असेल. वारा काय जीपला वळसा घालतो का? बाकी सगळे एकच सांगतात, की कुणीतरी मेलेला माणूस असेल, चाकं तपासणारा, त्याचा आत्मा अडकला असेल.

त्यांच्यासाठी हे शेवटचं लिहितो. भूत व्हायला माणूस मरावा लागतो, एवढं मला चौथीपर्यंत शिकून कळतं. आमचे व्याही जिवंत आहेत. दौंडला राहतात. परवाच्या बाजारात भेटले, कांदे दाबून बघत होते, चांगले धट्टेकट्टे. कुणाला कारण ठाऊक असेल तर मला कळवावं. पण ते किसनराव जिवंत आहेत हे धरून असावं.